सातवं घर

कागदावर लिहिलंय : दर सातवं घर.
सुरुवात कुठून करायची तेही पुण्याच्या तक्त्यानेच ठरवलं.
तारामुंबरीच्या धक्क्यापासून चौथं, मग अकरावं, मग अठरावं.
अठराव्याच्या खळ्यात जाळं पसरलेलं.
त्यावर पाय न देता कडेकडेने जायचं,
एवढं आता मला कळतं.

खांद्याला बर्फाची पेटी.
आत बांगडे असतील म्हणून दोन मांजरं मागे लागलेली.
आत चाळीस नळ्यांची जागा,
एकेकीत पाच मिली माणूस,
नाव नाही, नुसता क्रमांक.

लोकांना कावीळ म्हणजे पिवळे डोळे.
मी म्हणते, ही ती नव्हे. ही दिसत नाही.
होडीच्या तळाला किडा लागतो ना,
वरून रंग ताजा, नाव ताजं, नारळ फोडलेला,
आणि आत लाकडाचा भुगा. तशी.
गंगाराम मेथर ऐकून घेतो, सदऱ्यातून माळ काढून दाखवतो :
"रोज वाढताहा. ढोपरापर्यंत इली की सुटलंय."
मी माळ मापत नाही. दंडाला पट्टा बांधते.
प्रश्न नववा : दाढी कुठे करता?
प्रश्न बारावा : सुई शेवटची कधी घेतली?
प्रश्न चौदाव्याला त्याची बायको उठून चुलीकडे जाते
आणि तो खाडीकडे बघत "नाय" म्हणतो.
मी "नाही" लिहिते.

पंचविसावं घर बंद.
नियम असा की बंद घराच्या बदली शेजारचं घ्यायचं नाही,
तीनदा यायचं.
तीनदा आले. कुलपावर मिठाचा गंज.
बाप्ये मालप्याच्या ट्रॉलरवर, बाई लेकीच्या बाळंतपणाला.
रकान्यात लिहिलं : अनुपस्थित.

चोविसाव्यातून रत्नप्रभा कोयंडे बघत होती.
"माझा रगात घे गो."
म्हटलं, तुमचं घर यादीत नाही.
"माझो घोव अडतिसाव्या वर्षी गेलो, पोट फुगान.
चोविसाव्या घरात येवक इसारता काय ती?"
मी पेटीचं झाकण लावलं.
बरोबर तेच करायचं असतं.
चोविसावीला घेतलं, ती स्वतःहून आली म्हणून घेतलं,
तर आकडा भीतीचा होतो, गावाचा राहत नाही.
हे मला प्रशिक्षणात शिकवलंय, मला पटलेलंही आहे.
ती दारातच उभी होती.

संध्याकाळी लिलाव.
एक पाटी उचलून ओततात
आणि अख्ख्या होडीचा भाव ठरतो.
वाटलं, डॉक्टरांना हे दाखवायला हवं,
सगळा तक्ता इथे वाळूत मांडलेला आहे.
तेवढ्यात द्रौपदी टिकमने पाटी ओतायच्या आधीच
कोपरापर्यंत हात आत घातला
आणि तळातून काढले चार :
पोट मऊ, डोळे बसलेले.
सगळे हसले, होडीवालाही हसला, भाव पडला.

माझा हात तळापर्यंत जात नाही.
तळाशी आहेत अकरा महिने समुद्रावर असणारे,
एकाच वस्तऱ्याने एकमेकांची दाढी करणारे,
पंचविसाव्या घरातले.

अहवालात आलं : शंभरात तीन.
खरं तर दोन ते पाचच्या मध्ये कुठेतरी,
पण "कुठेतरी" वरच्या कार्यालयात कुणी वाचत नाही.
तीन वाचतात. तीन नकाशावर रंगवतात, फिकट पिवळा.
मी खाली तळटीप घातली होती :
खलाशी बहुतांशी सुटले.
छापताना ती सुटली.

रत्नप्रभाला मी सोमवारी दवाखान्यात बोलावलं.
पाच रुपये भरून केसपेपर काढला तिने,
रांगेत उभी राहिली बाकीच्यांसारखी.
चाळीसच्या पेटीत एकेचाळिसावी नळी बसेना,
रुमालात गुंडाळून बर्फाच्या कडेला ठेवली.
तिच्यावर क्रमांक नाही, पेनाने नाव.
ती मोजणीत नाही. कधीच असणार नाही.

निकाल आलाय. दप्तरात आहे.
उद्या साडेसातच्या एसटीने जाते,
बंदराच्या बाजूने नको, वरच्या पायवाटेने.
चोविसाव्याच्या आधी तेवीस दारं लागतात
आणि प्रत्येकातून कुणीतरी विचारतं :
आज खयच्या घराक?